तेराव्या शतकातला ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस पहिल्यांदा वाचताना तो स्वतःलाच खोडतोय असं का वाटतं?

कारण 'सुम्मा थिऑलॉजिए' या त्याच्या ईश्वरशास्त्रावरच्या ग्रंथातला (१२६५–१२७३, अपूर्ण) प्रत्येक लेख, म्हणजे मोठ्या प्रश्नातला एकेक उपप्रश्न, आक्षेपांनी सुरू होतो आणि नवखा वाचक तेच त्याचं मत समजतो. तो पूर्वपक्ष आहे, म्हणजे खोडण्यासाठी आधी मांडलेली विरोधी बाजू. पहिला भाग, प्रश्न २, लेख ३ घ्या: देव आहे का? 'देव नाही' या बाजूचे दोन आक्षेप: जगात वाईट आहे, आणि निसर्ग व मानवी बुद्धी यांनीच सगळ्याचा उलगडा होतो. दुसरा तर आजही ताजा वाटतो! मग बायबलमधलं एक वचन, त्यानंतर 'माझं उत्तर' म्हणून पाच मार्ग, म्हणजे देव आहे हे दाखवणारे पाच युक्तिवाद, शेवटी आक्षेपांचं खंडन. आधी 'माझं उत्तर' वाचा, मग मागे या. पहिल्या मार्गातली 'गती' म्हणजे नुसती हालचाल नव्हे, कोणताही बदल. त्याचं उदाहरण आगीने तापणाऱ्या लाकडाचं आहे. अ‍ॅरिस्टॉटलचा क्षमता (एखादी गोष्ट जे होऊ शकते) आणि वास्तव (ती आत्ता जे आहे) हा भेद आधी समजून घेतला नाही, तर हा युक्तिवाद पोकळ वाटतो.