रात्री पापड-लोणचं खाल्लं की सकाळी अंगठी घट्ट होते, वजन किलोभर जास्त दिसतं, मीठ कमी केलं तर उतरेल का?

हो उतरेल, कारण ती चरबी नाहीये, पाणी आहे. मिठातलं सोडियम जास्त झालं की शरीर पाणी धरून ठेवतं, नेहमीच्या जेवणावर आलात की दोन-तीन दिवसांत लघवीवाटे जातं, म्हणून पाणी पिणं बंद करू नका प्लीज. डब्ल्यूएचओ म्हणते दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे चहाच्या सपाट चमच्यापेक्षा थोडं कमीच, आणि त्यात सगळं आलं, भाजी, कणकेतलं मीठ, फरसाण, ब्रेड, सॉस. पापडात तर मीठ आहेच वर पापडखार, तेही सोडियमच. सैंधव घेतलं म्हणजे सुटलो असं पण नाही हं, तेही बहुतेक सोडियम क्लोराइडच असतं.

मी आधी ताटातलं वाढलेलं मीठ बंद केलं, मग भाजीत हळूहळू कमी, लिंबू, कोकम, जिरेपूड वाढवली, सुरुवातीला अळणी लागतं पण काही आठवड्यांत जिभेला सवय होते, खरंच. लो सोडियम मिठात पोटॅशियम असतं, किडनीचा त्रास किंवा बीपीच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांना विचारूनच घ्या. आणि पायावर बोट दाबून खड्डा राहत असेल, एकच पाय सुजला असेल किंवा दम लागत असेल तर मीठ-बीठ सोडा, आजच दाखवा.