बँक सरकारची, की लोकांची?

प्रश्न : आमच्या अभ्यासवर्गात दोन तट पडले आहेत. काहींना सर्व बँकांचे राष्ट्रीयीकरण हवे आहे, तर काहींचा भरवसा सहकारी पतसंस्थांवर आहे. आपले मत काय? – एक वाचक, निपाणी

उत्तर : 19 जुलै 1969 रोजी 14 बँका सरकारकडे आल्या आणि खेडोपाडी शाखा निघाल्या, हे मोठेच काम झाले; परंतु 1970 च्या बँक राष्ट्रीयीकरण कायद्याने संचालक मंडळावर कर्मचारी, ठेवीदार, शेतकरी व कारागीर यांना स्थान देऊ केले, तरी नेमणूक सरकारच्याच हाती राहिली. सहकारात ‘एक सभासद, एक मत’ असले, तरी वार्षिक सभेत ‘मंजूर, मंजूर’च्या गजरात ताळेबंद चहाआधीच उरकतो. म्हणून विडी कामगार महिलेला आपले कर्ज का नाकारले, याचा जाब संचालकांना विचारता येईल, अशी तरतूद दोन्ही तटांनी आधी मागावी.