लडाखमध्ये समुद्र? काहीही!

प्रश्न: लडाखच्या ट्रिपला गाइड म्हणाला इथे पूर्वी समुद्र होता. थापा ना? – एक वाचक, परळ

उत्तर: थापा नाहीत हो! तिथल्या चुनखडीत न्युम्युलाइट्स सापडतात, म्हणजे एकपेशीय जिवांची नाण्यासारखी चपटी कवचं, आणि हे जीव उबदार उथळ समुद्रातच राहायचे, त्यामुळे साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी तिथे टेथिस समुद्र (भारत आणि आशिया यांच्या मधला जुना समुद्र) शिल्लक होता हे पक्कं. शेवाळाचे जीवाश्म तर अजून भारी, त्याला ऊन लागतं ना, म्हणजे पाणी किती खोल होतं त्याचाही अंदाज येतो. एवढ्या लांब कशाला, आपल्या वरळीला बेसॉल्टच्या, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकाच्या, थरांमधल्या गाळात बेडकांचे जीवाश्म मिळालेत, म्हणजे तिथे तेव्हा चक्क गोड्या पाण्याचं तळं! आंध्रातल्या राजमुंद्रीच्या तसल्याच थरांत मात्र फोरामिनिफेरा (न्युम्युलाइट्स ज्या गटातले, ते कवचवाले एकपेशीय जीव) आणि समुद्री शेवाळ निघालं, म्हणजे समुद्र तिकडे होता.