लिबरेटरचा पंख आणि पेट्रोलचा हिशेब

तुम्ही चार गोष्टी विचारल्या आहेत. दिल्लीतल्या पालमच्या हवाई दल संग्रहालयातले चार इंजिनांचे अमेरिकी बाँबफेकी विमान लिबरेटर दुसऱ्या महायुद्धात आपल्या भागात कुठे लढले, बी-17 या दुसऱ्या अमेरिकी बाँबफेकी विमानाइतके नाव त्याला का मिळाले नाही, आतले आठ-दहा जण नेमके काय करत, आणि ही विमाने अमेरिकेने भारताला विकली होती का. शिवाय तुमच्या आजोबांनी पुण्याच्या आकाशात पाहिलेल्या चार इंजिनांच्या विमानांचाही उल्लेख केला आहे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. त्यांचे काय झाले ते शेवटी लिहितो, कारण आधी विमान समजले तरच त्या कामाचे मोल कळेल.

सुरुवात पंखापासून करू. लिबरेटरचा पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 110 फूट, म्हणजे बी-17 पेक्षा सहा फूट लांब. क्षेत्रफळ मात्र 1048 चौरस फूट, तर बी-17 चे 1420. लांब, अरुंद आणि मुळाशी जाड असा हा पंख डेव्हिड डेव्हिस यांचा. अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेच्या वातबोगद्यात त्याची चाचणी झाली तेव्हा आकडे इतके चांगले आले की मोजमापच चुकले असेल, अशी शंका घेतली गेली. कन्सॉलिडेटेड कंपनीच्या या विमानाचे पहिले उड्डाण 29 डिसेंबर 1939 चे.

अशा पंखाला हवेचा अडथळा कमी, त्यामुळे तेवढ्याच पेट्रोलवर पल्ला जास्त. त्याची किंमतही पंखच वसूल करतो. भरलेल्या लिबरेटरच्या पंखावर दर चौरस फुटाला जवळजवळ साठ पौंड भार येतो, बी-17 वर तो पंचेचाळिसाच्या आत राहतो. म्हणून उड्डाणाला धावपट्टी लांब लागते, वेग थोडा उतरला की विमान झपाट्याने खाली बसते, आणि वीस हजार फुटांच्या वर दाट रांगेत उडताना वैमानिकाचे खांदे भरून येतात. युरोपात नेमके तसेच उडायचे होते, म्हणून तिथल्या लोकांनी बी-17 ला डोक्यावर घेतले. बंगालच्या उपसागरावर गरज उंचीची नव्हती, अंतराची होती. इथे लिबरेटरला तोड नव्हती, असे माझे स्पष्ट मत आहे.

नकाशा उघडा. मिदनापूरजवळचे सालबनी आणि दिग्री हे ब्रिटिश हवाई दलाच्या लिबरेटरांचे मोठे तळ. 159, 355 आणि 356 या स्क्वाड्रनांची, म्हणजे हवाई तुकड्यांची, नावे या पट्ट्याशी जोडलेली आहेत. तिथून रंगून सुमारे 700 मैल, बँकॉक हजारावर, आणि मलायातले पेनांग बंदर जवळजवळ 1500 मैल. हे सगळे एका बाजूचे, आणि बहुतेक वाट समुद्रावरून. रंगूनवर विमानवेधी तोफांचा मारा होता, जपानी लढाऊ विमाने होती, त्यांत माणसेही गेली. तरी या आघाडीवर क्रूच्या डोक्यात उड्डाणभर फिरत असे तो पेट्रोलचा हिशेब.

तोच करून पाहू. रिकाम्या विमानाचे वजन साधारण 36,500 पौंड. पंखातल्या सगळ्या टाक्या भरल्या की सुमारे 2800 अमेरिकन गॅलन, म्हणजे 10,600 लिटर. एका गॅलनला सहा पौंड धरले तर पेट्रोलच 16,800 पौंड. माणसे, बंदुका, गोळ्या, इंजिनांचे तेल, ऑक्सिजनच्या बाटल्या मिळून आणखी काही हजार. बाँब चढवायच्या आधीच आकडा 57,000 च्या घरात जातो, आणि 65,000 च्या पुढे नेले की धावपट्टीच्या टोकाशी जीव टांगणीला. पल्ला पंखातल्या पेट्रोलला पुरेल त्याहून लांब असेल तर बाँबकप्प्यातच जादा टाकी बसवायची, म्हणजे बाँबची जागाही गेली.

आता खर्च बघा. चार इंजिने मिळून साधारण तासाला 200 गॅलन पितात. तो 180 वर आणला तर चौदा तासांत 280 गॅलन वाचतात, म्हणजे जवळपास 1700 पौंड. तेवढे बाँब जास्त नेता येतात. 159 स्क्वाड्रनचे विंग कमांडर जेम्स ब्लॅकबर्न यांनी या हिशेबाच्या मागे लागून चाचण्या घेतल्या आणि लांब पल्ल्याच्या मोहिमेवरचा भार 3000 पौंडांवरून 8000 पर्यंत नेला. उपाय कागदावर साधे आहेत: इंजिनाचे फेरे कमी, आत जाणाऱ्या हवेचा दाब त्या मानाने जास्त, पेट्रोल-हवेचे मिश्रण पातळ, आणि अनावश्यक वजन खाली. पोटाखालचा गोल टरेट, म्हणजे बंदुकांची फिरती घुमटी, काढला तरी हजारावर पौंड वाचत. ऑक्टोबर 1944 मध्ये याच स्क्वाड्रनची पंधरा विमाने पेनांगच्या बंदरात पाणसुरुंग टाकून परत आली. जाऊन-येऊन 3000 मैल! ताशी 170 मैल धरले तर सतरा-अठरा तासांचे उड्डाण झाले.

मिश्रण पातळ करण्याला मर्यादा असते. जास्त पातळ केले की सिलिंडरचे डोके तापते, इंजिन ठोके मारू लागते आणि समुद्रावर बंद पडते. त्यामुळे तापमानाच्या काट्यावरून नजर हलवता येत नाही. हे काम फ्लाइट इंजिनिअरचे, आणि माझ्या मते या विमानात वैमानिकाखालोखाल महत्त्वाचा माणूस तोच.

त्याचे काम जमिनीवरच सुरू होई. प्रॅट अँड व्हिटनीची 14 सिलिंडरची गोलाकार इंजिने रात्रभर उभी राहिली की खालच्या सिलिंडरांत तेल उतरते. तसेच स्टार्टर मारले तर पिस्टन त्या तेलावर आदळून कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि तो कदाचित चार तासांनी तुटतो. म्हणून आधी प्रत्येक इंजिनाचा पुढचा पंखा हाताने फिरवायचा, आणि अडला तर जोर न लावता खालचा स्पार्क प्लग काढून तेल सांडू द्यायचे. इंजिने 3, 4, 2, 1 या क्रमाने सुरू करत, कारण हायड्रॉलिकचा पंप तिसऱ्या इंजिनावर आहे. ते इंजिन हवेत गेले तर चाके, फ्लॅप, ब्रेक यांचे दुखणे सुरू. मग मुख्य चाके हाताच्या क्रँकने उतरवायची आणि नाकाचे चाक पुढच्या कप्प्यात बसून हाताने ढकलून द्यायचे.

हवेत गेल्यावर पेट्रोल किती उरले ते त्याला काचेच्या उभ्या नळ्यांत बघावे लागे. विमान चढत असेल, उतरत असेल किंवा एका पंखावर कलले असेल तर नळीतली पातळी खोटी. आधी वैमानिकाला विमान सरळ धरायला सांगायचे, मग वाचायचे, आणि वेळेसह लिहून ठेवायचे. पंखाच्या टोकाकडच्या टाक्यांतले पेट्रोल पंपाने मुख्य टाक्यांत ओढून घ्यावे लागे. पंख धडाच्या वरच्या बाजूला असल्यामुळे टाक्या बाँबकप्प्याच्या डोक्यावरच येतात. कुठे जोड ढिला झाला की पेट्रोलची वाफ थेट कप्प्यात उतरते. वास आला की बाँबकप्प्याची दारे काही इंच उघडी ठेवून उडत. त्या वेळी विजेचे बटण कुणी उगाच दाबायचे नाही.

ही दारे म्हणजे दुकानाचे शटर. बाहेर उघडत नाहीत, विमानाच्या कुशीवर गुंडाळत वर सरकतात. त्यामुळे उघडली तरी हवेचा अडथळा फारसा वाढत नाही. पण पत्रा इतका पातळ की माणूस पडला तर त्यासकट खाली जाईल. पुढून मागे जायची एकमेव वाट याच दारांच्या वरून, नऊ इंच रुंदीच्या पट्टीवरून. दोन्ही बाजूंना बाँब टांगलेले आणि पॅराशूट घालून निघणे मुश्किल. बाँब अडकला तर त्याच पट्टीवर उभे राहून, खाली दार उघडे असताना, तो हाताने सोडवायचा.

समुद्रात उतरायची वेळ आली की हीच दारे घात करत. ती पाण्याच्या दाबाने आत घुसत, पोट फाटे, आणि पंख वर असल्याने धड लगेच पाण्याखाली जाई. म्हणून विमान अजून जमिनीवरून उडत असतानाच पॅराशूटने उडी मारणे बरे. नाकातले लोक पुढच्या चाकाच्या दारातून, वैमानिक बाँबकप्प्यातून, मागचे तळातल्या झडपेतून.

बाकीच्यांचे थोडक्यात. दोन वैमानिक आलटून पालटून, कारण नियंत्रणे जड. मार्ग काढणाऱ्या नॅव्हिगेटरला रात्री ताऱ्यांचाच भरवसा, त्यामुळे ढग दाटले की तो वारा आणि वेळ यांच्या अंदाजावर. पावसाळ्यात उपसागरावर गडगडाटी ढगांची भिंत उभी राहते. तिला वळसा घालायचा तर पेट्रोल जाते, आत शिरायचे तर विमानच मोडू शकते. बाँब टाकणारा नाकात, रेडिओवाला वैमानिकांच्या मागे, गनर टरेटांत आणि कमरेच्या खिडक्यांशी.

1945 मध्ये 99 आणि 356 स्क्वाड्रन हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांवर गेल्या. युद्ध संपले आणि लेंड-लीजचा, म्हणजे अमेरिकेने युद्धकाळात मित्रदेशांना सामग्री उसनी देण्याच्या योजनेचा, नियम पुढे आला: विमाने परत करा किंवा निकामी करा. ब्रिटिशांनी कानपूरच्या चकेरी तळावर कित्येक लिबरेटर सोडली, तीही उपकरणे फोडून, इंजिनांत वाळू घालून. 1948 मध्ये बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीच्या कारागिरांनी त्याच ढिगातून जुळणारे भाग शोधून एकेक विमान उडण्यापुरते उभे केले. चाचणी-वैमानिक जमशेद मुन्शी ती बंगळूरला उडवत नेत, आणि तिथे पुरी दुरुस्ती होई. अशी चाळीसच्या आसपास विमाने तयार झाली. ज्या विमानात एक ढिला जोडही घातक, त्याचे तोडलेले सांगाडे हवेत नेणे हे थोर काम होते.

नोव्हेंबर 1948 मध्ये 5 स्क्वाड्रन कानपूरला उभी राहिली आणि पुढे पुण्याला आली. तेव्हा तुमच्या आजोबांनी पुण्यावरून जाताना पाहिलेली चार इंजिनांची, दोन उभ्या शेपटांची विमाने लिबरेटरच असणार. 1951 मध्ये 6 स्क्वाड्रनही पुण्यालाच पुन्हा उभी राहिली, समुद्रावर टेहळणी करण्यासाठी. आपल्याकडची शेवटची लिबरेटर 1968 मध्ये निवृत्त झाली. लंडनच्या ब्रिटिश हवाई दल संग्रहालयाला गेलेले केएन 751 क्रमांकाचे विमान त्यांपैकीच, आणि ते 99 स्क्वाड्रनकडून कोकोसवर होते.

पालमला पुन्हा गेलात तर तिथल्या एचई 924 क्रमांकाच्या लिबरेटरच्या अगदी समोर, नाकापासून वीस पावलांवर उभे राहा. पंख किती लांब आणि किती अरुंद आहे ते तिथून कळते. मग बाजूने जाऊन वाका आणि पोटाची कुस बघा. शटरच्या आडव्या घड्या तिथेच दिसतील.