उघडा पत्रा रात्रभर ठेवू नका

प्रश्न : काका, वडिलांची १९८८ची चेतक स्कूटर वीस वर्षं ओसरीत पडून आहे. वर रंगाचे तीन थर चढलेत, पाय ठेवायच्या जागी गंज दिसतो. रंग रिमूव्हरनं काढू की वाळूचा फवारा मारून आणू? आणि रंगाखाली अस्तर म्हणून रेड ऑक्साइड चालेल का?
– एक वाचक, सेलू

उत्तर : रंगाचं नंतर बघू. भाऊ, आधी पायाखालच्या रबरी पट्ट्या उचकटा. पाणी तिथंच मुरतं. हातोडीच्या दांड्यानं पत्रा ठोका. ठण्ण वाजला तर जिवंत आहे. बद्द वाजला तर स्क्रू ड्रायव्हर टेकवा, आरपार जाईल. चेतकला वेगळी चॅसीस नाही, पत्रा हाच सांगाडा. तेव्हा भोकावर लांबी, म्हणजे पुट्टी, थापू नका. कुजका भाग कापून नवा पत्रा वेल्डिंग करून घ्या.

वाळूचा फवारा नको. पातळ पत्रा वाकतो, पोकळीत वाळू अडकते, धूळ छातीत जाते ती वेगळीच. मोठ्या सपाट भागाला रिमूव्हर लावा, पण मोकळ्या हवेत आणि हातमोजे घालून. जोडाच्या फटीत मात्र तो जाऊ देऊ नका. आत राहिला की वर्षभरानं नवा रंग उचलतो. तिथं तारेचा ब्रशच बरा.

आता माझी फजिती सांगतो. परभणीत धंदा नवा होता तेव्हा एका गाडीचा रंग काढला, बोअरच्या पाण्यानं धुतली आणि उघड्या पत्र्यावरच लांबी भरली. पहिल्या पावसाळ्यात मडगार्डभर हरभऱ्याएवढे फोड! आपलं बोअरचं पाणी क्षाराचं. क्षार पत्र्यावर बसले, लांबीनं ओल धरली, गंज आतून चालू. गिऱ्हाईक पुन्हा फिरकलं नाही. तेव्हापासून शेवटचा हात फिल्टरच्या पाण्याचा, लगेच कापडानं कोरडं करून वर थिनरचा बोळा.

एका दिवशी जेवढ्याला प्रायमर, म्हणजे रंगाखालचं अस्तर, लागेल तेवढाच पत्रा उघडा करा. खड्ड्यांतल्या गंजाला फॉस्फरिक ॲसिडवालं द्रावण लावा, गंज काळपट पडतो. मग ते नीट धुवून वाळवा, नाहीतर वरचा इपॉक्सी प्रायमर धरत नाही.

रेड ऑक्साइड खिडकीच्या गजाला ठीक आहे. इथं वरच्या रंगाचं थिनर लागलं की तो सुरकुततो. दोन डब्यांतलं मिसळून लावायचा इपॉक्सी प्रायमर घ्या, लांबी त्याच्यावर. भर उन्हात फवारू नका, सकाळची वेळ धरा. रंग पूर्ण वाळला की पोकळ भागात मेणाचा फवारा सोडा. पाणी निघायची भोकं मात्र मोकळी ठेवा.

आणि हो, वडिलांच्या वेळचाच रंग हवा असेल तर रिमूव्हर लावण्याआधी डिकीच्या झाकणाची आतली बाजू बघा. तिथवर फवारा नेण्याचे कष्ट आम्ही पेंटर लोक सहसा घेत नाही. मूळ रंग सापडला तर टिकलीएवढी जागा तशीच राखा, दुकानदाराला दाखवायला.