पाइपच्या गॅसवर हॉबची आच मंद? आधी जेट बघा

सिलेंडर जाऊन पाइपचा गॅस आला, तेव्हापासून कुकरची पहिली शिट्टी होता होत नाही, सिमवर दूध ठेवलं की आच विझते आणि दुकानदार म्हणतो नवा हॉबच घ्या. तुमचं हे वाचताना आमचाच ओटा डोळ्यांसमोर आला. नवा हॉब घेऊ नका, निदान इतक्यात तरी.

झाकण ठेवा, डाळ भिजवा वगैरे सांगत बसत नाही. मला तरी हा जेटचा, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तोटीचा, घोळ वाटतो. (मी तंत्रज्ञ नाही, नुसती पोळलेली ग्राहक.) सिलेंडरचा गॅस रेग्युलेटरमधून साधारण ३० मिलिबार दाबाने येतो, पाइपचा २१ च्या आसपास. शिवाय तेवढ्याच घनफळात पाइपच्या गॅसची उष्णता निम्म्याहून कमी. म्हणून त्याला मोठ्या भोकाचं जेट लागतं.

आमच्याकडे सर्व्हिस सेंटरच्या माणसाने जेट बदललंच नाही. खिशातून बारीक ड्रिल काढलं, जुन्याच पितळी जेटचं भोक हाताने मोठं केलं, ‘सगळीकडे असंच करतात’ म्हणाला आणि पैसे घेऊन गेला. आच पिवळी, तीही एका अंगाला झुकलेली. पातेल्यांची बुडं काळीकुट्ट. तक्रार केली तर सेंटर म्हणे गॅसचा दाब तपासून घ्या, गॅसवाले म्हणे आमची जबाबदारी कॉकपर्यंत, शेगडी तुमची. कित्येक महिने ही टोलवाटोलवी. बिलं मात्र दोघांचीही वेळेवर! शेवटी कंपनीची मूळ जेटं हट्टाने मागवली, ती बसवली त्याच संध्याकाळी आच निळी.

तेव्हा माणूस आला की समोर उभ्या राहा. जेटच्या डोक्यावर बहुधा आकडा कोरलेला असतो. ११५ असेल तर भोक १.१५ मिलिमीटरचं. तुमच्या मॉडेलला पाइपच्या गॅससाठी कोणता आकडा लागतो ते कंपनीकडून आधीच विचारून ठेवा. ड्रिल निघालं की सरळ दार दाखवा. सिमवर विझण्याचं कारण वेगळं: नॉब ओढून काढला की दांड्याशेजारी सिमची आच ठरवणारा एक बारीक स्क्रू असतो, तो बहुतेक जण विसरतात. तोही त्याच्याकडूनच, आच पेटती ठेवून लावून घ्या. स्वतः पिळू नका.

आणखी एक, विचारलं नाहीत तरी सांगते. हा गॅस हवेपेक्षा हलका, गळला तर छताशी साठतो. सिलेंडरचा जमिनीलगत बसायचा. त्यामुळे वरची जाळी थंडीतसुद्धा बुजवू नका. गळती बघायची ती साबणाच्या फेसाने. वास आला तर कॉक बंद, खिडक्या उघड्या, दिव्याच्या बटणाला हात नाही, आणि बिलावरचा आपत्कालीन नंबर घराबाहेर जाऊन लावायचा.

काढलेली जुनी जेटं त्याला नेऊ देऊ नका. उद्या सिलेंडरच्या गावी बदली झाली आणि हीच मोठी जेटं राहिली, तर ज्वाळा कढईच्या कानांपर्यंत येतील.