१३४ म्हणजे रक्तदाब वाढला का?

प्रश्न : माझा रक्तदाब १३४/८४ असतो. अमेरिकेतील परिषदेने मर्यादा खाली का आणली?

उत्तर : अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या नोव्हेंबर २०१७ मधील अनाहाइम येथील परिषदेत उच्च रक्तदाबाची मर्यादा १४०/९० वरून १३०/८० वर आणल्याचे जाहीर झाले, आणि त्यामागे ९,३६१ जणांवरील ‘स्प्रिंट’ चाचणीचा मोठा आधार होता; त्या चाचणीत वरचा दाब १२० च्या खाली आणू पाहणाऱ्या गटात हृदयविकाराचे गंभीर प्रसंग व मृत्यू कमी झाले, मात्र मूर्च्छा आणि मूत्रपिंडाच्या तक्रारी वाढल्या. शिवाय चाचणीत रुग्णाला पाच मिनिटे शांत बसवून तीनदा मोजणी होई. आपल्याकडे जिना चढून आलेल्याच्या दंडाला लगेच पट्टा बांधतात! तुमच्या १३४/८४ च्या टप्प्यात, इतर धोके नसल्यास, नव्या मर्यादेसोबतच्या सूचनाही औषधाआधी मीठ, वजन आणि व्यायामच सांगतात.